‘सावधान’ कोणी व्हायचे?



आजचे बोलणे एका शब्दाबद्दल आहे. शब्द नवा नाही. तो आपण लग्नमंडपात ऐकतो, शाळेच्या कवायतीत ऐकतो, घाटातल्या पाटीवर वाचतो, विजेच्या रोहित्राभोवतीच्या कुंपणावर वाचतो. ‘सावधान.’ या शब्दाचा अर्थ विचारला तर दहापैकी नऊ जण सांगतील, ‘धोक्याची सूचना’. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. या अपुरेपणामुळे आपले व्यवहारातही नुकसान होते, असे आम्हाला वाटते. म्हणून आज शब्दाची उकल करायची आहे आणि त्याच्या आजच्या वापरावर थोडी टीकाही करायची आहे.

आधी शब्द बघू. सावधान म्हणजे स अधिक अवधान. अवधानासह असलेला, तो सावधान. आता अवधान म्हणजे काय? मूळ धातू ‘धा’. त्याचा अर्थ ठेवणे, धारण करणे. या एका धातूने मराठीत केवढा संसार थाटला आहे बघा. विधान, निधान, परिधान, समाधान, संधान, अनुसंधान. सगळीकडे काहीतरी कुठेतरी ठेवलेले आहे. ‘अव’ म्हणजे खाली. मन खाली ठेवणे, एका जागी टेकवणे, ते अवधान. आणि आपण आणि ती जागा यांच्या मध्ये काही येऊन बसले की ते व्यवधान. कामात व्यवधान आले असे आपण म्हणतो, तेव्हा मनाच्या बैठकीत काहीतरी घुसले, एवढेच सांगत असतो.

व्याकरणाच्या बाजूने एक गोष्ट लक्षात घ्या. ‘सावधान’ हे विशेषण आहे. संकटाचे नाव नाही, सूचनेचेही नाव नाही. ते माणसाचे विशेषण आहे, म्हणजे ऐकणाऱ्याचे. आपण नुसते ‘सावधान!’ म्हणतो तेव्हा ‘व्हा’ हे क्रियापद गिळलेले असते. ‘तुम्ही सावधान व्हा.’ समोर साप आहे, पूर आहे की नवरीमुलगी आहे, याबद्दल शब्द अवाक्षर बोलत नाही.

याच शब्दाचे घासून लहान झालेले रूप म्हणजे ‘सावध’. बेशुद्ध पडलेला माणूस डोळे उघडतो तेव्हा आपण म्हणतो, ‘तो सावध झाला.’ कथेकऱ्यांच्या तोंडी तर हे नेहमीचे. राजा मूर्च्छित पडला, वारा घातला, पाणी शिंपडले, राजा सावध झाला. इथे धोक्याचा काही संबंध आहे का? नाही. राजा शुद्धीवर आला, एवढेच. म्हणजे शब्दाचा गाभा भीती नव्हे, जाग आहे.

आणखी एक गंमत, बरं का. ‘सावध’च्या उलट काय? ‘बेसावध’. यातला ‘बे’ फारसी आहे आणि ‘सावध’ संस्कृतातून आलेला. ‘सावधगिरी’ घ्या. ‘गिरी’ हा प्रत्यय फारसी. संस्कृत अंगाला फारसी हातपाय. हा संकर कुणी कोशकाराने मुद्दाम बसून केलेला नाही. गढीवर, छावणीत, चावडीवर, बाजारात जी मराठी बोलली जात होती तिने तो केला. म्हणून ‘सावधान’ आपला आणि ‘खबरदार’ परका, अशी वाटणी कुणी करू लागले की आम्ही ‘सावधगिरी’कडे बोट दाखवतो. ज्याला शब्द शुद्ध करायचे आहेत त्याने आधी हा शब्द सोडून दाखवावा.

आता हा शब्द आपल्या वाङ्मयात कुठे वावरला ते पाहू. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९० ची. तिच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, अवधान. तेही अधिकाराने नाही, तर सलगीने, लेकराने मागावे तसे मागतात. तुम्ही लक्ष द्या, बाकीचे आपोआप होईल, असा त्यांचा भाव आहे. दासबोधातही समर्थ श्रोत्यांना वारंवार सावध व्हायला सांगतात. तिथे कोणता वाघ येणार होता? पुढचा विचार सूक्ष्म आहे, मन इथे ठेवा, एवढेच त्यांना म्हणायचे असते.

तेलुगु आणि संस्कृत परंपरेत तर अवधान ही एक विद्याच आहे. अष्टावधानी, शतावधानी. आठ जण, शंभर जण वेगवेगळे प्रश्न टाकतात, मध्येच घंटा वाजवतात, भलतेच काही विचारून मोडता घालतात, आणि अवधानी सगळ्यांचे धागे हातात ठेवून उत्तरे पूर्ण करतो. गांधीजींनी आत्मकथेत रायचंदभाईंचा उल्लेख शतावधानी म्हणून केला आहे तो याच अर्थाने. आपल्याकडे चार मुले, स्वयंपाक, पाहुणे आणि दारावरचा भाजीवाला एकाच वेळी सांभाळणाऱ्या बाईला ‘अष्टावधानी’ म्हणतात. तिला कुणी ‘आठ प्रकारच्या धोक्यांची सूचना मिळालेली’ असे म्हणत नाही!

आता लग्नाकडे येऊ. लग्नातल्या ‘शुभमंगल सावधान’वर एक विनोद सर्वांना माहीत आहे. इतका धोकादायक संस्कार दुसरा नाही म्हणून भटजी आधीच बजावतात, असा तो विनोद. विनोद म्हणून हसायला आमची हरकत नाही. पण तो शब्दाचा अर्थ म्हणून सांगितला जातो तेव्हा दोन गोष्टी विसरल्या जातात. एक, मंगलाष्टके मुंजीतही म्हणतात. आठ वर्षांच्या बटूला कोणत्या संसारापासून सावध करायचे? दोन, हे सावधान होणे कशाविषयी आहे? सुमुहूर्ताविषयी, सुलग्नाविषयी. म्हणजे मंगल गोष्टीविषयी.

जुन्या काळी मुहूर्त साधायला घटिकापात्र असे. पाण्यात तरंगणारी तांब्याची वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली. जोश्याची नजर वाटीवर, मामा मुलीपाशी उभा, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात ताणलेले, सगळ्यांच्या मुठीत अक्षता. तो क्षण निसटू नये म्हणून सर्वांना सांगायचे, मन इकडे ठेवा, क्षण आला. म्हणजे चांगल्या गोष्टीसाठीसुद्धा माणसाने सावधान असावे लागते. ही कल्पना आपण गमावून बसलो. आता मंडपात ‘सावधान’ होते तेव्हा निम्मे लोक मोबाइलवर चित्रीकरणात असतात, आणि उरलेले जेवणाच्या रांगेचा अंदाज घेत असतात.

समर्थ रामदासांची कथाही इथेच येते. जांबचा नारायण, वय बारा, बोहल्यावर ‘सावधान’ शब्द कानी पडला आणि तो निघून गेला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ही कथा सांगताना बहुतेक जण म्हणतात की नारायणाला धोक्याची सूचना मिळाली. आमचे वाचन वेगळे आहे. सूचना तर मंडपातल्या प्रत्येकाला मिळाली होती, शब्द सर्वांनी ऐकला होता. त्या शब्दाने सावधान झाला तो एकटा. त्याचे मन ज्या जागी टेकले ती जागा भटजींनी सांगितलेली नव्हती, त्याची स्वतःची होती. कथा ऐतिहासिक किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. ती या शब्दाविषयी अचूक बोलते. सावधान हे सांगता येते, पण करता येत नाही. ते ज्याचे त्याने व्हायचे असते.

मग हा शब्द धोक्याचा कसा झाला? यात कुणाचा अपराध नाही. लक्ष देण्याची सगळ्यात जास्त गरज कधी पडते? धोका असतो तेव्हा. त्यामुळे ‘लक्ष द्या’ ही हाक हळूहळू ‘धोका आहे’ या अर्थाची होते. हे मराठीतच घडले असे नाही. फ्रेंच माणूस कुत्र्याच्या पाटीवर जो शब्द लिहितो त्याचा मूळ अर्थ लक्ष देणे असाच आहे. जर्मनांचा ‘आख्टुंग’ही तसाच. कवायतीच्या मैदानावर मात्र जुना अर्थ शाबूत राहिला आहे. ‘सावधान’ म्हटल्यावर पोरे टाचा जुळवतात, पळून जात नाहीत. ‘विश्राम’ हा तिथला त्याचा जोडीदार. म्हणजे सावधानच्या विरुद्ध सुरक्षितता नाही, तर सैल सोडणे आहे.

आता सावधानच्या शेजारी राहणारे तीन शब्द बघू, कारण एकट्या शब्दाचा अर्थ नीट कळत नाही.

पहिला ‘खबरदार’. खबर अरबी, ‘दार’ फारसी. हवालदार, किल्लेदार, जमीनदार यांतला तोच ‘दार’, म्हणजे बाळगणारा. खबर बाळगणारा तो खबरदार. म्हणजे ज्याच्याजवळ माहिती आहे असा माणूस. ‘खबरदारी घेणे’ यात जुना अर्थ अजून थोडा टिकून आहे. नुसत्या ‘खबरदार!’ची मात्र धमकी झाली. शाळेत आपण पाठ केलेल्या कवितेतला तो लहानगा पहारेकरी घोडेस्वाराला ‘खबरदार’ म्हणतो, तेव्हा तो माहिती पुरवत नाही, दम भरतो.

दुसरा ‘हुशार’. फारसी होशियार. होश म्हणजे शुद्ध, भान. गस्तवाले रात्री ‘हुश्शार’ म्हणून ओरडत ते ‘भानावर राहा’ या अर्थाने. आपण मराठीत त्याला परीक्षेत पहिला नंबर काढणारा करून टाकले. पण ताप उतरल्यावर ‘जरा हुशारी वाटते’ म्हणतो तिथे मूळ अर्थ जिवंत आहे. ‘सावध झाला’ आणि ‘हुशारी वाटली’ यांचे नाते यामुळे स्पष्ट होईल. दोन्ही शब्द भानावर येण्याचे आहेत.

तिसरा ‘इशारा’. हाही अरबी. मूळ अर्थ खूण. डोळ्याने, बोटाने, भुवईने केलेली खूण. आज वर्तमानपत्र उघडा. ‘मागण्या मान्य न झाल्यास आंदोलनाचा इशारा.’ इथे खूण कुठली? उघड उघड धमकी आहे. आणि त्याच पानावर ‘हवामान खात्याचा मुसळधार पावसाचा इशारा’. एकाच शब्दाने दोन विरुद्ध कामे चालली आहेत. धमकीत सांगणारा स्वतःच संकट आणणार असतो. इशाऱ्यात संकट त्याच्या हातात नसते, ते येणारच असते, आणि तो आपल्या बाजूने उभा राहून सांगत असतो. आमच्या मते हा फरक फार मोठा आहे. ज्या भाषेत धमकी आणि इशारा एकाच शब्दात राहतात, तिथे लोक इशाऱ्यालाही धमकीसारखेच घेतात, म्हणजे फारसे मनावर घेत नाहीत.

इथपर्यंत ऐकल्यावर एखादा चिकित्सक श्रोता म्हणेल, ‘व्युत्पत्ती ठीक आहे हो, पण मूळ अर्थ हाच खरा अर्थ असे कुणी सांगितले?’ आक्षेप रास्त आहे आणि आपल्या शास्त्रकारांनीच तो शिकवला आहे. शब्द यौगिक असतात, रूढ असतात, योगरूढ असतात. ‘पंकज’ म्हणजे चिखलात जन्मलेले. पण चिखलातल्या बेडकाला कुणी पंकज म्हणत नाही. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश नावाचे गवत नीट कापून आणणारा. आज कुशल शल्यचिकित्सकाला आपण गवत आणायला पाठवत नाही. व्युत्पत्ती आणि रूढी यांचे भांडण झाले तर रूढी जिंकते, हा जुना निवाडा आम्हाला मान्य आहे. म्हणून ‘सावधान’चा धोक्याचा अर्थ चुकीचा आहे, पाट्या पुसून टाका, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. व्युत्पत्ती न्यायाधीश नव्हे, साक्षीदार आहे. आणि या साक्षीदाराने सांगितलेली एक गोष्ट आजही खरी आहे की नाही, ते तपासणे हे आपले काम.

ती गोष्ट अशी. ‘सावधान’ आणि ‘खबरदार’ हे दोन शब्द मिळून सूचनेची पूर्ण घडण सांगतात. खबर पुरवणे हे सांगणाऱ्याचे काम, अवधान ठेवणे हे ऐकणाऱ्याचे. खबर नाही आणि अवधान आहे, तर माणूस निर्दोष, पण तरीही तो बुडतो. खबर आहे आणि अवधान नाही, तर माणूस बेसावध. दोन्ही असतील तेव्हाच सूचना झाली असे म्हणायचे.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात जे. एल. ऑस्टिन यांनी हेच वेगळ्या वाटेने मांडले. त्यांनी १९५५ साली हार्वर्डला दिलेली व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. शब्दांनी आपण केवळ वर्णन करत नाही, कृतीही करतो, हा त्यांचा सिद्धान्त. वचन देणे, नाव ठेवणे, पैज लावणे या शब्दांनी केलेल्या कृतीच आहेत. सावध करणे हीही तशीच कृती. ‘त्या शेतात बैल आहे’ हे वाक्य निसर्गवर्णन असू शकते, आणि शेत ओलांडू पाहणाऱ्याला दिलेला इशाराही असू शकते. पण ऑस्टिन एक अट घालतात. समोरच्याने ते ऐकले पाहिजे आणि इशारा म्हणूनच घेतले पाहिजे. नाहीतर मी इशारा दिला, असे मला म्हणता येणार नाही. तोंडातून शब्द बाहेर पडले म्हणजे कृती झाली, असे नाही.

हे नुसते तत्त्वज्ञान नाही. कोर्टात ‘कॅव्हेट’ दाखल करतात, तुमच्यापैकी काहींनी केलेही असेल. मूळ लॅटिन शब्द, अर्थ ‘त्याने सावध असावे’. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने कलम १४८-अ आले, त्यात याची तरतूद आहे. कॅव्हेट नव्वद दिवस चालते. पण कायदा तिथे थांबत नाही. कॅव्हेट दाखल करणाऱ्याने समोरच्या पक्षाला पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने त्याची नोटीस पाठवली पाहिजे. म्हणजे ‘मी कोर्टात कागद ठेवला, आता तुमचे तुम्ही बघा’ असे कायदाही म्हणू देत नाही. सूचना दिली की पोच हवी.

आपल्या गावगाड्यालाही हे ठाऊक होते. दवंडी आठवा. आधी हलगी वाजते. मग ‘ऐका हो ऐका’. लोक ओट्यावर येतात, बायका दारात येतात, कामावरचा हात थांबतो. त्यानंतर मजकूर. मग पुढच्या आळीत पुन्हा तेच. आधी अवधान, मग खबर, आणि आळीआळीने फिरून दोन्हीची खात्री. अडाणी म्हणून आपण ती मोडीत काढली, पण घडण अगदी शास्त्रशुद्ध होती.

आता आजची स्थिती बघा. भारतीय हवामानशास्त्र विभाग चार रंग वापरतो. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे नजर ठेवा, माहिती घेत राहा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. किती नेमकी पायरी आहे! पिवळ्याचा अर्थ शब्दशः ‘खबरदार असा’, नारिंगीचा ‘सावध असा’. आणि आपल्या बातम्यांत काय येते? ‘यलो अलर्ट’, ‘ऑरेंज अलर्ट’, ‘रेड अलर्ट’. तिन्हीला एकच शेपूट. तीन वेगवेगळ्या क्रियापदांच्या जागी तीन रंगांचा एकच आरडाओरडा. गावातल्या आजीला विचारा, नारिंगीत आम्ही काय करायचे आणि लालमध्ये काय करायचे. तिला सांगता येणार नाही, आणि तो तिचा दोष नाही.

पावसाच्या शब्दांचेही तेच. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार, अशी खात्याची मोजपट्टी आहे. बातमीत या तिन्हींचे ‘मुसळधार’ होते आणि मुसळ सगळ्यांना सारखेच लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला शंभरही झाला नाही. ‘मुंबईकरांनो, सावधान’ या वाक्यात ही खबर मावत नाही.

२०२३ मध्ये देशभर मोबाइलवर आपत्तीच्या सूचनेची चाचणी झाली. फोन कर्कश वाजला, लोक दचकले, आणि पडद्यावर मजकूर काय? हा चाचणीचा संदेश आहे, याकडे दुर्लक्ष करा. चाचणी आवश्यक होती, तंत्रही उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बघा, नव्या दवंडीने आपल्याला पहिला धडा दिला तो दुर्लक्षाचा. अवधानाच्या नेमका उलटा! भाषेचा विचार करणारा एखादा माणूस त्या खोलीत असता तर त्याने तेच वाक्य वेगळे लिहिले असते. ‘हा आवाज ओळखून ठेवा. पुढे कधी असा आवाज आला तर लगेच मजकूर वाचा. आज काही करायचे नाही.’ एवढेच.

या सगळ्यात पणाला काय लागले आहे, ते दोन घटनांवरून सांगतो. १२ जुलै १९६१. पानशेत. बांधकाम अपुरे असलेले मातीचे धरण. ते धोक्यात आहे हे धरणावर झटणाऱ्यांना आधी समजले होते, जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. म्हणजे खबर होती. पण ती जिथे होती तिथेच राहिली. पुण्याच्या पेठांमधल्या असंख्य लोकांना कळले ते पुरानेच. त्यांना बेसावध म्हणायचे का? आम्ही म्हणणार नाही. सावधान व्हायला काही हाती तर लागले पाहिजे.

दुसरी घटना १९ जुलै २०२३ च्या रात्रीची. रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी. गडाच्या पायथ्याची आदिवासी वस्ती, पायवाटेनेच पोचावे लागे. दरड आली, २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि शेवटी शोध थांबवावा लागला. त्या आठवड्यात कोकणात अतिवृष्टीचे इशारे दिले जात होते. पण वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे नंतर विधिमंडळात सांगितले गेले. जिल्ह्याला रंग होता, वाडीला खबर नव्हती. ‘नागरिकांनी सावध राहावे’ हे वाक्य अशा वेळी फार सोयीचे पडते. बोलणाऱ्याचे काम बोलून संपते आणि पुढचे सगळे ऐकणाऱ्याच्या डोक्यावर येते. आमची टीका नेमकी इथे आहे. जो शब्द ऐकणाऱ्याच्या जागेपणाचा गौरव करणारा होता, तो सांगणाऱ्याने हात झटकण्याचा शब्द झाला आहे. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग २०१६ पासून इशाऱ्याने व्यापला आहे. तो कितीही योग्य असला तरी उरलेल्या पंधरा टक्क्यांत विक्री सुरूच आहे, हेही त्याच जातीचे.

मात्र ऐकणाऱ्याला मोकळे सोडावे, असेही आम्हाला म्हणायचे नाही. आपल्या परंपरेने त्याच्यावर फार मोठी जबाबदारी टाकली आहे. ‘प्रमाद’ हा शब्द आपण चूक या अर्थी वापरतो. मुळात तो ‘मद’ या धातूचा, म्हणजे झिंगलेपण, भान सुटणे. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य सांगतात की सत्याच्या बाबतीत, धर्माच्या बाबतीत, स्वतःच्या कुशलाच्या बाबतीत प्रमाद होऊ देऊ नकोस. पतंजलींनी योगातल्या विघ्नांच्या यादीत प्रमादाला जागा दिली. धम्मपदाचा दुसरा वर्ग अप्रमादाचा आहे, आणि बुद्धाच्या अखेरच्या उपदेशातही अप्रमादच आहे. या सर्वांच्या लेखी मुख्य धोका बाहेर नाही, आपल्या झोपेत आहे. ‘मला कुणी सांगितले नाही’ ही सबब खबरेच्या बाबतीत चालेल, अवधानाच्या बाबतीत चालत नाही. समोर पिवळा रंग दिसतो आहे आणि आपण तो कशाचा, हे विचारतसुद्धा नाही, तिथे दोष आपलाच.

म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक मागणे मागतो. जे सूचना देतात, मग ते खाते असो, वर्तमानपत्र असो की सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिणारा सचिव असो, त्यांनी ‘सावधान’ लिहिल्यावर थांबू नये. कशापासून, कुठे, केव्हापर्यंत आणि आता काय करायचे, हे साध्या मराठीत पुढच्या ओळीत लिहावे. आणि लिहून झाल्यावर ते पोचले का, हे विचारावे. जे ऐकतात, म्हणजे तुम्ही-आम्ही, त्यांनी हा शब्द कानावर पडला की नुसते दचकू नये. दचकणे दोन क्षणांत ओसरते. मन खाली ठेवावे, बसू द्यावे, आणि खबर अपुरी असेल तर ती मागून घ्यावी. खबर मागणे हाही सावधपणाचाच भाग आहे.

पुढच्या वेळी मंडपात अंतरपाट धरला जाईल आणि तो शब्द कानी येईल, तेव्हा हसण्याआधी एक क्षण अक्षतांची मूठ मिटून समोर बघा. चांगल्या क्षणाला सावधान राहण्याची सवय असेल तर वाईट क्षणाला ती शोधावी लागणार नाही. इतके बोलून आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आमचे अवधान आहे.